नकाशा पास होण्याआधी

पावसाळा सरला की पनवेलमधल्या नव्या इमारतींच्या पश्चिमेकडच्या भिंती निरखून पाहाव्यात. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरलेले दिसतात. आत त्याच जागी पुट्टी फुगून तिचे पापुद्रे सुटलेले असतात. खिडकीवर छज्जा नसतो, असलाच तर वीतभर. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, हे जुन्या घरांना ठाऊक होते. म्हणून तर उतरते कौलारू छप्पर भिंतीच्या बरेच पुढे यायचे आणि पडवी घराला पावसापासून जपायची. ओघळ उतरलेल्या इमारतींचे प्लॅन मात्र रीतसर पास झालेले असतात, भोगवटा प्रमाणपत्रही मिळालेले असते. एफएसआय, सामासिक अंतरे, पार्किंग, अग्निशमन, सगळे नियमात बसते. या भिंतीवर पाऊस कसा आपटेल, हे विचारणे मात्र कुणाच्याच कामात येत नाही.

नियम किमान मर्यादा घालून देतो. चांगले काय, हे ठरवायला जाणत्या माणसांनी नकाशासमोर बसून विचार करावा लागतो. त्यासाठीच जगभर सार्वजनिक सल्लागार मंडळे नेमली गेली. पनवेलला आज अशा मंडळाची निकड आहे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची आणि महानगरपालिका २०१६ सालची. शेजारी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड वसवले. पलीकडे २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र जाहीर झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तळोज्यात एमआयडीसी आहेच. परवानगी देणाऱ्या यंत्रणा इतक्या, पण त्यांच्या हद्दी ओलांडून संपूर्ण शहराकडे पाहणारे कुणी नाही. गाढी नदी एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत वाहते. २००५ च्या पुरात पाणी कुणाची हद्द कुठे संपते हे विचारत नव्हते.

याच भूमीने चांगल्या रचनेचा धडाही पाहिला आहे. नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेले चार्ल्स कोरिया १९७० ते ७४ या काळात तिचे मुख्य वास्तुविशारद होते. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सुमारे ५५० घरांची वसाहत रचली. सात घरे मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर लांब आणि तितकेच रुंद. अशी अंगणे एकत्र येऊन मोठे चौक होतात. घर कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वाढवता यावे म्हणून शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही. दाट वस्तीतही माणसाला जमीन, आकाश आणि शेजार मिळू शकतो, हे त्यांनी बांधून दाखवले. पण ते एका मोठ्या कलावंताचे काम होते. प्रत्येक भूखंडाच्या वाट्याला कोरिया येत नाहीत. म्हणून चांगली रचना व्यक्तीच्या प्रतिभेवर न सोडता व्यवस्थेत आणावी लागते.

कोरियांनी सल्लागाराचे कामही जवळून अनुभवले. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे, याचा विचार करायला १९९६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. १९९१ च्या नियमानुसार त्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना आणि उरलेला मालकांना मिळायचा होता. अभ्यासगटाने सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. तो अमलात आला नाही. २००१ मध्ये नियमच बदलला, वाटणीसाठी फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन धरली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावाच्या हाती मोकळी जागा नावापुरतीच आली. न स्वीकारलेल्या सल्ल्याचे उत्तर द्यायला सरकार बांधील नसले, की सल्ला कपाटात जातो.

याउलट मुंबईतच वारसा संवर्धन समितीचे काम पाहा. १९९५ च्या वारसा नियमावलीने यादीतल्या वास्तूत बदल करण्याआधी समितीचे मत घेणे आयुक्तांवर बंधनकारक केले. मतभेद झाले, दबाव आले, तरीही फोर्ट परिसरातल्या कित्येक दगडी इमारती आणि ओव्हल मैदानाची किनार टिकली. २०१८ मध्ये तिथला व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. दिल्लीत संसदेने १९७३ च्या कायद्याने नागरी कला आयोग नेमला. कोरिया काही वर्षे त्याचेही अध्यक्ष होते. इंग्लंडमध्ये ‘केब’ नावाचे मंडळ १९९९ पासून मोठ्या प्रकल्पांचे आराखडे आरंभीच तपासून सल्ला देई. त्याला नकाराधिकार नव्हता, पण तज्ज्ञांचे मत लोकांसमोर आले की ते डावलणे अवघड होई. सरकारने पैसा काढून घेतल्यावर २०११ मध्ये ते डिझाइन कौन्सिलमध्ये विलीन झाले. मंडळाचे भवितव्य दरवर्षीच्या मर्जीवर ठेवू नये, हा त्यातून घ्यायचा बोध.

आक्षेप येतील, आणि ते विचारात घ्यायलाच हवेत. आणखी एक टेबल, आणखी एक शिक्का, आणखी देणे-घेणे, असे बिल्डर म्हणतील आणि रहिवासीही म्हणतील. उच्चभ्रू मंडळी आपली आवड लादतील, ही भीतीही खोटी नाही. म्हणून मंडळाला परवानगीचा अधिकार देऊच नये. तीस दिवसांत मत आले नाही तर फाईल पुढे जावी. सभासदांत वास्तुविशारदाबरोबर जलनिस्सारणाचा अभियंता असावा, गावठाणातला प्रकल्पग्रस्त असावा, आणि व्हीलचेअरवरून शहर वापरणारा नागरिकही असावा.

सुरुवात सार्वजनिक इमारतींपासून करावी. शाळा, दवाखाने, मंडया आणि नाट्यगृहे करदात्यांच्या पैशातून उभी राहतात, तिथे गुप्ततेचे कारणच नाही. त्यानंतर तलावांचे काठ, गाढीचे किनारे आणि मोठे टॉवर घ्यावेत. पनवेल महानगरपालिका आणि सिडको यांनी मिळून एकच मंडळ नेमावे. कामाच्या रेखांकनाआधी, म्हणजे कच्चा आराखडा बदलणे अजून स्वस्त असते तेव्हा, त्याचे मत घ्यावे. ते मराठीत, लोकांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे. सल्ला मानायचा नसेल तर आयुक्तांनी कारण लेखी द्यावे. या एका अटीवर माझा सर्वाधिक भर आहे. कारण लिहावे लागले की अधिकाऱ्याला विचार करावा लागतो, आणि नागरिकाला प्रश्न विचारायला हातात कागद मिळतो.

विमानतळाभोवती पुढच्या काही वर्षांत जे बांधले जाईल, त्यात आपली नातवंडे राहणार आहेत. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर भिंती बदलत नाहीत. बोलायचे तर आत्ताच, नकाशा टेबलावर असताना.