पन्नास गुणांची पारख

जो मनुष्य मद्य घटाघटा पीत नाही, तर एकेक घोट जिभेवर घोळवून त्यातील बरेवाईट निवडतो व त्यास गुण देतो, तो इतर पिणाऱ्यांहून नीतीने श्रेष्ठ होय काय? हा प्रश्न शहरवासीयांचा आहे, आपल्या खेड्यांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु पारनेर, राहुरी, नेवासे ह्या तालुक्यांतील कितीतरी घरांची मुले आज पुण्यास नोकरी करितात, आणि सणासुदीस घरी येताना तेथील चालीरीतीही बरोबर आणितात. असे समजा की, एका उपदेशकाचा भाचा नाताळात गावी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, “मामा, मी पितो ती दारू नव्हे. ती पारखण्याची विद्या आहे.” मामांनी त्यास काय उत्तर द्यावे?

प्रथम भाच्याचे म्हणणे न्यायाने ऐकून घेऊ. तो जीस ‘क्राफ्ट एल’ म्हणतो ती एक प्रकारची बिअर होय. ती मोठ्या कारखान्यात न करिता लहान मद्यशाळेत थोडी थोडी करितात. सातू भिजवून त्यांस मोड आणितात व मग ते उष्णतेने वाळवितात. ह्यास माल्ट म्हणतात. त्याच्या योगे पेयास भाजलेल्या भाकरीसारखा किंवा काकवीसारखा स्वाद येतो. हॉप ही थंड देशांतील एका वेलीची फुले होत. ती कडवटपणा व सुवास देतात आणि पेय लवकर नासू देत नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांवर अशी पुष्कळ हॉप घातलेली बिअर येत असे, कारण आफ्रिकेस वळसा घालून येण्यास कित्येक महिने लागत. त्यावरून पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले. पुण्यात 2009 साली ‘डूलॅली’ नावाची लहान मद्यशाळा निघाली, व तेव्हापासून ही आवड आपल्या मुलुखातही वाढली.

ह्या पेयाची परीक्षा करण्याची रीतही ठरलेली आहे. अमेरिकेत 1985 साली स्थापन झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रकात एकंदर 50 गुण असतात: वासास 12, रूपास 3, चवीस 20, तोंडास लागणाऱ्या भरीवपणास 5, व एकंदर परिणामास 10. परीक्षक पेला उजेडात धरून रंग पाहतो, हुंगतो, मग लहानसा घोट घेतो. ह्यात शिस्त आहे, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. बाजरीचे दाणे तळहातावर घेऊन पारखणारा शेतकरी ज्या लक्षाने पाहतो, तेच लक्ष येथेही आहे; आणि वस्तूकडे नीट लक्ष देणे हा सद्‌गुणच होय.

परंतु ते पन्नास गुण पुन्हा एकदा मोजून पाहा. पिणारा घरी कसा परतला, त्याच्या पगारातील किती उरले, दार उघडणाऱ्या बायकोचे तोंड कसे झाले, ह्यांस त्या पत्रकात एकही गुण नाही. हा पत्रकाचा दोष नव्हे. पेल्याची परीक्षा करणे एवढेच त्याचे काम. पेल्यास मिळालेले गुण पिणाऱ्याने आपल्याच नावावर मांडून घेतले, म्हणजे मात्र चूक होते. पेय उत्तम म्हणून पिणारा उत्तम, असे कोणत्या तराजूत ठरले?

आता दुसऱ्या पिणाऱ्याकडे वळू. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे 1975 नंतर अण्णा हजारे ह्यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद झाल्या व गाव सुधारले. तथापि न ऐकणाऱ्या पिणाऱ्यांस खांबास बांधून मार देण्यात आला, हेही सर्वश्रुत आहे. 2017 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमल येथे विषारी दारू पिऊन माणसे मेली. त्यांस कोणी रसिक म्हटले नाही. एकाच्या पेल्यास गुणपत्रक आणि दुसऱ्याच्या पाठीस पट्टा, हा न्याय होय काय?

विषारी दारू व निर्मळ एल एक नव्हेत, हे खरे. पण थोडा हिशेब करू. शेकडा 6 मद्यार्क असलेल्या अर्ध्या लिटर एलमध्ये 30 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तीन पेल्यांत 90. शेकडा 42.8 मद्यार्काच्या देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे 77 असतो. म्हणजे तीन पेले पिणारा भाचा एक बाटली पिणाऱ्या मजुराहून अधिक मद्यार्क पोटात घालतो. यकृतास हॉपचा सुवास कळत नाही. मद्य कर्करोगाचे कारण आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने 1988 साली दिला. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले.

मद्याची परीक्षा करणारे आणखीही कोणी आहेत. महाराष्ट्रात गावातील दुकान बंद करावे की नाही ह्यावर मतदान होते, तेव्हा उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बहुतेक बायांनी आयुष्यात थेंबही चाखलेला नसतो. तरी त्या पेयाचा शेवट त्यांच्याइतका कोणास ठाऊक आहे? जीभ पहिल्या घोटाची साक्ष देते. त्या शेवटल्या घोटाची देतात. दोन्ही साक्षी घेतल्यावाचून पारख पुरी होत नाही.

शास्त्रात लग्नघरचा द्राक्षारसही आहे व मद्याविषयीचे इशारेही आहेत. म्हणून एखादे वचन पुढे करून मामांनी भाच्याचे तोंड बंद करू नये. रागे भरूनही काही साधणार नाही. त्यांनी एवढेच म्हणावे: “बाबा रे, तुझी जीभ शिकली, ही चांगली गोष्ट. पण विद्या म्हणतोस तर परीक्षा पुरी कर. पन्नास गुण पेल्यास दिलेस. आता तुझ्या आईस विचार, ती तुला किती देते. आणि वेशीजवळ पडलेल्या त्या मजुरास तू जे नाव देतोस, ते तीन पेल्यांनंतर स्वतःस देशील काय?”

भाचा ह्यास हो म्हणेल, तर त्याचा विवेक जागा आहे असे समजावे. नाही म्हणेल, तर तो रसज्ञ असेल, पण न्यायी नव्हे. आणि आम्ही, जे पीत नाही, तेही सावध असावे. कारण गरिबाच्या पेल्यावर कठोर व सधनाच्या पेल्यावर सौम्य असा तराजू आमच्याही हाती पुष्कळदा असतो.