खाटेपाशी कुणी तरी हवं

मार्च 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडच्या मृतदेहांबाबत सूचना काढल्या. पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना मुखदर्शन घेऊ द्यावं, अंगाला हात न लावता पोथी वाचू द्यावी, पवित्र पाणी शिंपडू द्यावं, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. मात्र वॉर्डातल्या रुग्णाला मोबाइल वापरू द्यावा, घरच्यांशी बोलू द्यावं, असं आरोग्यसेवा महासंचालकांनी राज्यांना कळवलं तेव्हा जुलै संपत आला होता. म्हणजे मेलेल्याच्या धर्माची सोय आधी झाली आणि जिवंत माणसाच्या मनाची नंतर.

आपल्या माणसांवाचून मरण्याची धास्ती जुनीच. 1897 च्या प्लेगमध्ये लोक इस्पितळाच्या नावाने हादरत, कारण तिथलं मरण आपल्या माणसांत, आपल्या रीतीने येणार नव्हतं. म्हणून मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळं काढली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी काढलं. त्यांनी रुग्णाची भीती बरोबर ओळखली, पण धीर जातीधर्माच्या कुंपणात वाटला. सावित्रीबाई फुल्यांनी मात्र मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि आपला मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. माझ्या मते रुग्णाच्या आध्यात्मिक सेवेची आपल्याकडची खरी सुरुवात ही. त्यात मंत्र नव्हता, सोबत होती.

पुढे औषधं सुधारली आणि हा विचार मागे पडला. तो परत आणला सिसिली साँडर्स यांनी. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी 1967 मध्ये लंडनला मरणपंथाला लागलेल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असं त्यांचं सांगणं. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं. पण हा विचार बराचसा कॅन्सरपुरताच राहिला. साथीच्या वॉर्डापर्यंत तो आलाच नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर तर त्याची फार गरज आहे. अलिबागपासून मुरूडपर्यंत कोळी, आगरी, कोकणी मुसलमान राहतात. नवगाव-रेवदंड्याकडे बेने इस्रायलींची जुनी वस्ती, कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे ख्रिस्ती. इथल्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांना एकच भजन लावून चालणार नाही. आधी विचारावं लागेल: तुम्हाला कोण हवं, काय ऐकायचंय, की नुसतं शांत पडायचंय? देव न मानणाऱ्यालाही हाच प्रश्न.

मोबाइलवर सगळं सोपवूनही भागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि ज्या रुग्णांजवळ मोबाइल होता त्यांची घरच्यांचा आवाज ऐकण्याची एकुलती वाटही तुटली. अशा वेळी उरते ती खाटेपाशी उभी असलेली सिस्टर. पीपीई किटमध्ये घामाने भिजलेली, पाठीवर स्केचपेनने नाव लिहिलेली. पुढची साथ येण्याआधी सोबतीचं हे काम तिच्या भलेपणावर न सोडता जिल्हा रुग्णालयाने ठरावीक माणसावर सोपवावं, त्याला शिकवावं, पगार द्यावा. आणि केसपेपरवर रक्तगटाखाली एक ओळ छापावी: सोबतीला कोण हवं?