यंत्र न वाचीत असलेली ओळ

लिनक्स संगणकावरील सेवांच्या मांडणीपत्रकांत हॅशच्या चिन्हानें आरंभ होणारी ओळ यंत्र विचारांत घेत नाहीं. ती केवळ मनुष्यासाठीं असते. मग अशी टीप असत्य ठरली, तर ती सुधारण्याचें दायित्व कोणाचें?

ओपनएसएसएच या दूरप्रवेशाच्या सेवेचें उदाहरण घ्या. आज्ञा दिली नसतां सेवा काय गृहीत धरते, तें तिच्या पत्रकांत टिपांच्या रूपानें लिहून ठेवण्याची वहिवाट आहे. सर्वाधिकारी जो 'रूट', त्यास परवलीच्या शब्दानें प्रवेश असावा, असें पूर्वीं गृहीत असे. 2015 सालच्या 7.0 आवृत्तीनें तें रद्द केलें. परंतु जुनें पत्रक तसेंच ठेवून नवी आवृत्ति चढविली, कीं टीप आपली 'होय' असेंच सांगत राहते. मूळ स्थिति तीच आहे, असें समजून एखादा व्यवस्थापक नुसतें चिन्ह खोडतो, आणि बंद झालेलें दार स्वहस्तें उघडतो!

टीप बदलून सेवेच्या वर्तनांत तिळमात्र फरक पडत नाहीं, मग हा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. पण आज्ञेचें नांव चुकलें तर ही सेवा सुरूच होत नाहीं. टिपेंतील असत्यास अडविणारें मात्र कोणी नाहीं. मूळ लेखकास दोष देतां येत नाहीं. त्यानें लिहिलें तेव्हां तें खरेंच होतें. तो भार, माझ्या मतें, ज्याच्या ध्यानांत विसंगति येते त्या वाचकावरच पडतो. टिपा सरसकट पुसून टाकण्याचा उपाय मला पटत नाहीं. अमुक आज्ञा कां दिली, हें बहुधा तेथेंच नमूद असतें. सुधारलेल्या टिपेस आवृत्तीचा अंक व तारीख जोडावी, म्हणजे ती किती जुनी आहे, हें तरी पुढच्यास कळेल.