पंगतीची सेवा

वाचनाचा भाग : प्रेषितांची कृत्ये 6:1–7



यरुशलेमातील मंडळीत जी पहिली कुरकुर झाली, ती कोणत्याही गहन सिद्धांतावरून नव्हे, तर अन्नावरून झाली. ही गोष्ट आपण वाचतो खरी, परंतु तिचा विचार फारसा करीत नाही. मंडळीत गरजवंतांना रोज अन्न वाटले जात असे. इब्री भाषा बोलणाऱ्या विधवांना ते मिळे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा मात्र राहून जात. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे लूक म्हणत नाही, आणि तसे मानण्याचे कारणही नाही. आपल्या गावच्या पंगतीत काय होते ते आठवा. वाढप्याच्या ओळखीच्या पानावर दोनदा वाढले जाते. टोकाला बसलेला परगावचा मनुष्य रिकाम्या पानाकडे पाहत राहतो. वाढप्याच्या मनात कपट नसते, पण उपाशी तो उपाशीच राहतो.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. त्यांनी त्या विधवांना सहनशीलतेचा उपदेश केला नाही, किंवा तक्रार करणारे फूट पाडतात असाही ठपका ठेवला नाही. त्यांनी सर्व मंडळीला बोलावून सात माणसे निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना व निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक निवडून त्यांच्या हाती वाढण्याचे काम दिले गेले. ज्याला भूक ठाऊक आहे त्याच्याच हाती पळी द्यावी, हे शहाणपण त्या मंडळीला सुचले.

कोणी म्हणतील की, प्रेषितांनी वचनाची सेवा आपल्याकडे ठेवली व पंगतीची सेवा इतरांना दिली, तेव्हा ही दुसरी सेवा हलकीच होय. परंतु मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी सेवेसाठी शब्द एकच आहे. शिवाय वाढप्यांची निवड करताना चांगले नाव, पवित्र आत्मा व शहाणपण हे तीन गुण पाहिले गेले. त्या सातांपैकी स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी झाला, आणि फिलिप्पाने कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा दिला. पळी धरणारा हात देवाने हलका मानला नाही.

ही केवळ प्राचीन काळची कथा नव्हे. न्यूयॉर्क शहरात पवित्र प्रेषितांच्या नावाचे एक जुने देवालय आहे. तेथील मंडळीने 1982 साली भुकेल्या व बेघर लोकांसाठी अन्नछत्र सुरू केले. आरंभी येणारे थोडे होते. पुढे रोज शेकडो येऊ लागले. 1990 साली त्या देवालयाला मोठी आग लागून छप्पर जळाले, तरी दुसऱ्याच दिवशी आलेल्यांना अन्न वाढले गेले. देवालय पुन्हा उभारले तेव्हा मंडळीने एक मोठा निर्णय घेतला. जुनी जड बाके परत बसविली नाहीत, तर जेथे रविवारी उपासना होते तेथेच इतर दिवशी जेवणाची मेजे मांडली. भुकेल्यांना मागच्या दारी उभे न करता प्रभूच्या मंदिराच्या मध्यभागी बसविले. आणि येणाऱ्याला ते भिकारी म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात.

प्रियांनो, येथे मला माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. 2020 सालच्या टाळेबंदीत मजुरांची कुटुंबे पायी आपल्या मुलुखाकडे निघाली, तेव्हा आमच्या लहानशा मंडळीने रस्त्यालगत खिचडीचे पातेले चढविले. मी हाती पुस्तक घेऊन प्रार्थना व बोध करण्याच्या तयारीत उभा होतो. इतक्यात कडेवर मूल घेतलेल्या एका मनुष्याने हात जोडून मला विचारले, “साहेब, जेवण्याआधी काय म्हणावे लागेल?” त्याच्या आवाजात राग नव्हता. भूक होती, आणि जे सांगाल ते म्हणेन अशी तयारी होती. मला लाज वाटली. मी पुस्तक पिशवीत ठेवले व पळी हाती घेतली.

त्या प्रश्नामागे आपल्याच देशाचा इतिहास उभा आहे. 1896–97 व 1899–1900 च्या दुष्काळांत मिशनांनी पुष्कळांचे प्राण वाचविले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुलींना केडगावास आणून त्यांना अन्न, आसरा व विद्या दिली. हे उपकार खरे आहेत. तथापि “हे पोटासाठी बाटले” हा टोमणा आपल्या आजोबा-पणजोबांना जन्मभर ऐकावा लागला, हेही खरे आहे. म्हणून आपण फार सावध असावे. भाकरीला किंमत लावली की ती दान राहत नाही, आणि विकत मिळालेला विश्वास हा विश्वास नव्हे. प्रभूने डोंगरावर पाच हजारांना जेवू घातले तेव्हा कोण शिष्य होणार हे आधी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पुष्कळ जण त्याला सोडूनही गेले. तरी खाल्लेल्या भाकरीचा हिशेब त्याने मागितला नाही.

मग साक्ष द्यावयाची नाही काय? द्यावयाची, परंतु कोणी विचारील तेव्हा, आणि पान वाढून झाल्यावर. सातव्या वचनात लूक सांगतो की, वाटपातला अन्याय दूर झाल्यावर देवाच्या वचनाचा प्रसार वाढला. ते न्यायाचे फळ होते, अन्नाचे मोल नव्हते.

आमची मंडळी गरीब आहे, असे कोणी म्हणेल. मिझोराममधील स्त्रियांकडे पाहा. 1910 पासून तेथे ही रीत चालत आली आहे की, प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी बाजूला काढावयाचा. त्या मुठींवर मोठमोठी कामे उभी राहिली. आपल्या घरी ज्वारी-बाजरीची एक मूठ निघणार नाही काय? आठवड्यातून एक दिवस देवालयाच्या ओट्यावर चूल पेटवावी. एस. टी. स्थानकावर निजणारा म्हातारा, पालात राहणारे ऊसतोडीचे कुटुंब, शिधापत्रिका नसलेली विधवा, ह्यांना जात व धर्म न विचारता बोलवावे. त्यांच्यापैकीच एकाला वाढावयास उभे करावे, आणि आपण त्यांच्याच पंगतीला बसावे. हिशेब सर्वांसमोर वाचावा, म्हणजे कुरकुरीला जागा राहणार नाही. आणि कुरकुर झालीच, तर प्रेषितांप्रमाणे ती ऐकून घ्यावी.

येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ याल, तेव्हा वाटेत कोणाचे पान रिकामे राहिले आहे ते पाहून या. करिंथच्या मंडळीत एक भुकेला राहिला व दुसरा तृप्त झाला, म्हणून त्यांचे भोजन प्रभूचे भोजन राहिले नाही, असे पौलाने त्यांना सुनावले. तो बोल आपल्याला लागू न पडो. ज्याने आपल्यासाठी स्वतःचे शरीर मोडले, तो आपले हात मोकळे करो व आपली चूल पेटती ठेवो. आमेन.