पन्ह्याचा पेला

चैत्रातली सकाळ आहे. ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही. कुठल्याशा घरात कैऱ्या उकडायला ठेवल्या आहेत. आज तिथे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे.

काय असतं त्यात? भिजवून वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत किसलेली कैरी, वरून हिंग-मोहरीची फोडणी. वेलचीचा वास असलेलं पन्हं. ओटीत भिजवलेले हरभरे. महाग असं काहीच नाही. पण उन्हातून येणाऱ्या बाईचा कोरडा घसा कुणीतरी आधीच आठवलेला असतो. हे कोणासाठी, ते ठाऊक असलेला हा स्वयंपाक.

आपण मात्र माणसं बोलावतो आणि पदार्थ वाढवत जातो. यजमानीण ओट्याशी, पाहुणे टीव्हीसमोर. बोलणं राहूनच जातं. म्हणून आमंत्रण देण्याआधी स्वतःला हळूच विचारावं, हे कोणासाठी?

प्रश्न तसा अडचणीचा आहे बरं का. कारण याच हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा काकूंना वर्षानुवर्षं बोलावणं नसे. डाळीची चव पाहायला त्या चालत. बैठकीला नाही. आता काही घरांत त्यांनाही मानानं कुंकू लावतात. कुणी कुरकुरतं. कुरकुरू द्यावं.

मंडळी, आज तुमच्याकडे कुणी येणार असेल, तर एक पदार्थ कमी करा. तेवढा वेळ शेजारी बसा. पन्ह्याचा पेला हातात द्या आणि विचारा, "काकू, गूळ बेताचा पडलाय ना?"