आजचं चिंतन : हवन तिसऱ्या क्रमांकावर



आजचा श्लोक गीतेच्या नवव्या अध्यायातला, सत्ताविसावा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. भगवंत अर्जुनाला म्हणतात की तू जे करशील, जे खाशील, जे हवन करशील, जे देशील, जे तप करशील, ते सगळं मला अर्पण कर.

आज अर्थाच्या फार खोलात न जाता नुसता क्रम बघू या. पाच गोष्टी आहेत. पहिली करणं, दुसरी खाणं. हवन तिसऱ्या क्रमांकावर येतं, दान चौथ्या, आणि तप सगळ्यात शेवटी. देवाने यादी देवघरापासून सुरू केलेली नाही. कामापासून आणि ताटापासून केली आहे.

हे कोणासाठी सांगतोय? "दादा, साधनेला वेळच मिळत नाही. सकाळी आठची ड्युटी, संध्याकाळी क्लास, रूमवर आलो की डोळेच मिटतात," असं म्हणणाऱ्यांसाठी. बाबा रे, तुझा जवळजवळ अख्खा दिवस या श्लोकाच्या पहिल्या दोन शब्दांत बसतो. ते दोन शब्द आपण वाचतच नाही, थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि मग म्हणतो, वेळ नाही.

या अध्यायाचं आपल्या खान्देशाशी एक नातं आहे. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार ते गीतेवर बोलले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजीही तिथेच कैदेत होते. ते सगळं उतरवून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. नववा अध्याय आला 17 एप्रिलला. त्या दिवशी विनोबांचा घसा दुखत होता, तरी ते बोलले.

आता समोर कोण बसलं होतं त्याचा विचार करा. कैदी! त्यांच्याकडे अर्पण करायला होतं काय? फुलं नाहीत, समई नाही, दान करायला खिशात पैसा नाही. तुरुंगाने दिलेलं काम आणि तुरुंगाने दिलेली भाकरी, एवढंच. म्हणजे श्लोकातले पहिले दोन शब्दच त्यांच्याकडे उरले होते. ते दोन कोणताही तुरुंग काढून घेऊ शकत नाही. मग जळगाव-धुळे एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्या आपल्याला काय अडचण आहे?

आणि त्याच काळात इकडे जळगावात बहिणाबाई चौधरी शेतात राबत होत्या. आसोद्याची लेक, शाळेत कधी गेली नाही, ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं. त्यांची गाणी कुठे झाली? जात्यावर, चुलीपुढे, पेरणीत. त्या 1951 ला गेल्या आणि 1952 ला ती गाणी पुस्तकरूपाने आली. काम वेगळं आणि देव वेगळा, अशी भिंत या माउलीने मधे घातलीच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपण रोजच्या प्रसंगात 'बोध' शोधतो. चहा उतू गेला, टाका स्टेटस, "संयम शिका". सोपं आहे आणि छानही वाटतं. पण श्लोकात शब्द आहे अर्पण. बोध डोक्यात ठेवता येतो, अर्पण हातांनी करावं लागतं. आणि देवापुढे आपण किडकं फळ ठेवत नाही ना? मग डाळ मिलमध्ये काट्यावर बसलेल्याने वजन करताना विचारावं, हे माप देवापुढे ठेवता येईल का? सराफाच्या दुकानातल्याने, ऑफिसात शीट भरणाऱ्याने, सगळ्यांनी हेच विचारावं. उत्तर 'नाही' आलं, तर ते काम पुन्हा करायचं. त्या दिवसाची तीच साधना.

दुसरी गोष्ट, खाणं. आपण नैवेद्य दाखवतो, आरती होते, सगळे जेवतात. आणि सकाळपासून तव्यापुढे उभी असलेली आई? तिच्या वाट्याला शेवटी गार कळण्याची भाकरी आणि भांड्याला लागलेलं भरीत. मला विचाराल तर तो नैवेद्य अजून पूर्ण झालेला नाही. तिला आधी वाढा, आपलं ताट आपण घासा. हाही या श्लोकाचाच अभ्यास आहे.

आणि तिसरी गोष्ट जरा कडक आहे. रावेर-यावलकडे वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात. वर्षभराचा घाम एका संध्याकाळी मातीत. अशा वेळी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन कोणी म्हणतं, "काका, यातही देवाचा काहीतरी धडा असेल." कृपा करून असं बोलू नका. भगवंत म्हणतात 'तू जे करशील'. दुसरा जे सोसतोय त्याचा अर्थ लावायला त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. तिथे तुमचा प्रश्न एकच, मी काय करणार? पडलेली झाडं बाजूला काढायला हात द्या, पंचनाम्याचे कागद भरून द्या, नाहीतर नुसते शेजारी बसा. तुमची ती एक दुपार हीच तुमची पूजा.

तर आजचा अभ्यास सोपा आहे. एक काम आणि एक जेवण निवडा. काम सुरू करताना मनात म्हणा, "देवा, हे तुझं," आणि मग ते देवाला द्यायच्या लायकीचं करा. जेवताना मोबाईल उलटा ठेवा आणि पहिल्या घासाआधी बघा, ज्याने रांधलं तो जेवला का?

हवन, दान, तप, त्यांचीही वेळ येईल. आधी पहिल्या दोन शब्दांपासून सुरुवात करू.

राम कृष्ण हरी!