कारण आणि दोष

दिल्लीतील आमच्या कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या मराठी सहकाऱ्यास फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, तेव्हा सर्वांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला : "सिगारेट ओढत होते का?" आम्हीही तोच विचारला. उत्तर 'होय' असे आले आणि, सांगावयास लाज वाटते, आम्हांस किंचित हायसे वाटले. आम्ही धूम्रपान करीत नाही.

प्रश्न मुळात अयोग्य नव्हे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत तोच विचारला होता. १९५० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच अन्य रोग्यांत २७. मात्र त्यांनी प्रश्न विचारला तो पुढच्यांना वाचविण्यासाठी. आम्ही विचारला तो स्वतःला वगळण्यासाठी.

पूर्वी आपल्याकडे रोग पाहून पूर्वजन्मीचे पाप काढीत. आम्ही सुशिक्षितांनी तो हिशेब टाकला, पण खातेवही तीच ठेवली. नोंदी तेवढ्या बदलल्या.

कारण म्हणजे दोष नव्हे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. बालपणीच धुराड्यात चढविलेल्या पोराने ती काजळी निवडली नव्हती. १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती आले. त्यातील बिघाडाने स्तनाच्या कर्करोगाचा संभव पुष्कळ वाढतो. तो वारसा कोणी मागून घेत नाही. आणि त्या ६४९ मधील दोघांनी कोणता अपराध केला होता? संख्याशास्त्र समुदायाविषयी बोलते. खाटेवर एकच माणूस असतो.

मग सवयींची जबाबदारी कोणाचीच नाही काय? तसे नव्हे. १९५१ पासून पन्नास वर्षे ब्रिटिश डॉक्टरांची पाहणी झाली. तिशीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांनी वाढीव धोका जवळजवळ सगळा टाळला. साठीत सोडणाऱ्यांच्या पदरीही सरासरी तीन वर्षे पडली. कारणांचे ज्ञान असे पुढे पाहण्यासाठी असते.

परप्रांतात शेजार आणि कचेरी हेच आपले गणगोत. रविवारी आम्ही सहकाऱ्यांकडे गेलो. "चूक माझीच," ते म्हणाले. आम्हांस 'हो' म्हणवेना, आणि 'नाही' म्हणणे खोटे झाले असते. "पुढचे औषध किती वाजता घ्यायचे?" एवढेच आम्ही विचारले.